सहा महिन्यांचा नवस

आईच्या दुधाइतकं निर्मळ या जगात दुसरं काही नाही. हे वाक्य माझं आहे. हुडकेश्वरच्या एका मंगल कार्यालयात, सुदृढ बालक स्पर्धेचं सूत्रसंचालन करताना मी ते दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा माइक बंद होता. मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला वस्तीत एवढंच काम उरतं: पाहुण्यांना विशेषणं पुरवायची.

सहा महिन्यांखालच्या गटात चार महिन्यांची एक मुलगी पहिली आली. गुबगुबीत, सगळ्यांकडे संशयाने बघणारी. मला ती लगेच आवडली. "काय देता हो हिला?" मी तिच्या आईला विचारलं.

"माझं दूध. बाकी काहीच नाही. पाणीसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. त्यासरशी प्रमुख पाहुण्यांना स्फुरण चढलं. त्यांनी बोटातली सोन्याची अंगठी काढली, बक्षिसांतल्या मधाच्या बाटलीचं सील फोडलं, अंगठी मधात बुडवली आणि मुलीच्या ओठांकडे नेली. फोटोवाला पुढे सरसावला.

आईने पाहुण्यांच्या हातावर फटका मारला. अंगठी खुर्च्यांखाली गेली.

"अवं बाई, मध हाय, जहर नाही!" पाहुणे ओरडले. तोवर ती मुलीला घेऊन मागच्या स्वयंपाकघरात शिरली होती.

"साहेबाचा हात झटकते! एवढा कायचा माज वं?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

मंडळी अंगठी शोधू लागली आणि मी तिला माफी मागायला लावायला मागे गेले. "एक थेंब चाटू द्या," मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले. "थेंबाने काय होतं?"

तिने दाराकडे पाहिलं. "मले एचआयव्ही हाय, मॅडम."

माझ्या हातात माइक होता. मी आधी त्याचं बटण बघितलं. बंद होतं. आणि नको तेच तोंडातून गेलं: "मग दूध काहून पाजता?"

"सगळे हेच इचारतात. रोज गोळी घेते, म्हणून पाजता येते. पण सहा महिने निस्तं माझंच. वरचं काही गेलं अन् माह्या दुधासंगं मिसळलं, का तिले लागण व्हायचा धोका वाढते. डॉक्टर मॅडमनं चार डाव बजावलं. शेवटची तपासणी दीड वर्षाची झाल्यावर. तवा समजन."

एवढं वाचन करून मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. आणि मी तिला एका थेंबाचा आग्रह करत होते.

"घरी माहीत आहे?"

"नवऱ्याले. सासूले सांगतलं, नवस बोलली म्हणून. सहा महिने वरचा थेंब नाही. डॉक्टरचं सांगतलं असतं तर बुढीनं घुटी घासून पाजली असती. आता तेच बुढी लेकरापाशी बसून राहते, कोणाले हात लावू देत नाही." ती पहिल्यांदा हसली. "तुमीबी तेच सांगा ना."

घरात सत्यनारायणही न घालणारी मी स्टेजवर गेले, या वेळी माइक चालू असल्याची खात्री केली आणि गंभीर आवाजात जाहीर केलं की मातेचा नवस आहे. पाहुण्यांनी दोन्ही हात जोडले आणि क्षमा मागितली. ती उघडलेली मधाची बाटली त्यांनी मला मानधन म्हणून दिली.

सव्वा वर्षाने तिचा फोन आला. "निगेटिव्ह आली, मॅडम. शेवटचीबी. तोंड गोड करा."

मी तडक स्वयंपाकघरात गेले. कपाटातली तीच बाटली काढली आणि चष्मा लावून प्रथमच तिच्यावरची चिठ्ठी वाचली. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: एक वर्षाखालील बाळांना मध देऊ नये.