वगैरे खोडणारे अण्णा

अण्णांना 'वगैरे' हा शब्द सहन होत नसे. कागदावर तो दिसला की ते खिशातली लाल पेन्सिल काढत, पोलादी फूटपट्टी शब्दावर धरत आणि सरळ आडवी रेघ मारत. मग मान वर करून विचारत, "हे वगैरे कोन बांधनार?" समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याला उत्तर द्यावंच लागे. इंग्रजी करारात त्या जागी 'ई टी सी' अशी अक्षरं येत. ती ते सुटी सुटी वाचत आणि मला म्हणत, "बाई, हा ईटीसी कोन? ह्याची सही कुटं दिसत न्हाई."

ईशान, मही, माझ्या टेबलावरच्या फोटोत माझ्याशेजारी छाती पुढे काढून उभा असलेला उंच म्हातारा कोण, असं तुम्ही मागे फोनवर विचारलं होतं. "आमच्या बांधकामावरचे एक गृहस्थ," एवढंच मी सांगितलं. ते उत्तर अपुरं होतं. तुमचं मराठी वाचन सावकाश चालतं हे मला ठाऊक आहे. आजीसाठी हे सावकाशच वाचा.

मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीतल्या आमच्या शिक्षणसंस्थेने मला बांधकाम समितीची चिटणीस केलं. कडेगावजवळच्या मोठ्या जागेवर चार शाळांचा मिळून एकच परिसर उभा राहायचा होता. प्राथमिक शाळा, हायस्कूल, तंत्रशाळा आणि कुंडलची कर्णबधिर मुलांची शाळा. मैदान, ग्रंथालय आणि जेवणाचा हॉल चारही शाळांना सामाईक. पहिल्या तीन शाळांना जुन्या का होईना, स्वतःच्या इमारती होत्या. कुंडलची शाळा मात्र एका पत्र्याच्या गोदामात भरत असे. उन्हाळ्यात दुपारी तिथली मुलं भिंतीची सावली धरून बाहेर बसत. नवीन जागेची खरी गरज कुणाला असेल तर ती त्यांना होती.

एवढ्या कामाला सल्लागारही पुष्कळ लागतात. नकाशे काढणारे आर्किटेक्ट, माती तपासणारे, पाया आणि खांबांचं गणित करणारे, विजेचे, पाण्याचे. प्रत्येकाशी वेगळा करार. मसुदे मी लिहीत असे. ते तपासायचे आणि पुढे प्रत्येक सल्लागार लिहिल्याप्रमाणे वागतो की नाही ते पाहायचं, हे काम अण्णांचं. ते सैन्याच्या बांधकाम विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. आठवड्यातले तीन दिवस साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे एसटीने येत. उन्हात तीन तास प्रवास करून आले तरी शर्टाची इस्त्री मोडलेली नसे. ती कशी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"काय करनार ते सगळेच लिवत्यात," ते म्हणत. "काय करनार न्हाई, ते लिवून घ्या." म्हणून आमच्या प्रत्येक कराराला 'या कामात पुढील गोष्टी येत नाहीत' असं एक पान जोडलेलं असे. सल्लागार त्यावर वैतागत. अण्णांचं म्हणणं ठरलेलं होतं. "भांडान रानात न्हाई होत, बाई. बांधावर होतं. एकाचं काम कुटं संपतंय आन दुसऱ्याचं कुटं सुरू होतंय, तितं उभं ऱ्हावा. समदी लबाडी तितंच हाय."

आणि ते खरोखरच उभे राहत, इतरांनाही उभं करत. पुण्याहून आलेले आर्किटेक्ट एकदा गाडीतूनच म्हणाले, "अण्णा, ड्रॉइंगमध्ये सगळं दाखवलंय."

"व्हय साहेब, पर ड्रॉइंगमधी चिखुल न्हाई. उतरा."

ते उतरले. अण्णांनी त्यांना उसाच्या खोडव्यातून सगळ्या हद्दीभोवती फिरवलं आणि शेवटी भेटीच्या वहीत सही घेतली. आर्किटेक्टांचे बूट पाहून ते मला हळूच म्हणाले, "आता लिवा बाई, प्रत्यक्ष पाहनी केली."

समितीतली मंडळी त्यांना पाठीमागे 'वगैरे-अण्णा' म्हणत. आमचे अध्यक्ष तर तोंडावरही म्हणत, "आले का आमचे वगैरे?" अण्णा हसत नसत आणि रागावतही नसत. ते हसलेले मी पाहिले ते फक्त कुंडलच्या मुलांबरोबर. ती मुलं एकदा जागा पाहायला आली होती. ओढ्याच्या बाजूला त्यांची इमारत होणार होती. अण्णांनी पावलांनी मोजून चुन्याने जमिनीवर एक मोठा चौकोन आखला आणि मुलांना त्यात बसवलं. हा तुमचा वर्ग, असं खुणेने सांगितलं. दुसरीतली दोन वेण्यांची एक मुलगी त्यांच्या पेन्सिलीकडे टक लावून पाहत होती. थोड्या वेळाने तिने आपल्या डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटाने आडवी रेघ ओढली आणि अण्णांकडे बोट केलं. मुलांच्या बाईंनी मला सांगितलं, "हे अण्णांचं नाव ठेवलं तिने. आता आमच्यात ते कायम राहील." जाताना सगळी मुलं तळहातावर रेघ ओढून अण्णांचा निरोप घेत होती. सुभेदार अण्णांनी सलाम ठोकला, मग फूटपट्टी काखेत धरून स्वतःच्या तळहातावरही रेघ ओढली.

आता पुढचं सांगायला मला जड जातं, पण त्यासाठीच लिहायला बसले आहे.

माती तपासणाऱ्यांच्या करारात मी लिहिलं होतं, 'शाळांच्या तीन इमारती, ग्रंथालय वगैरे.' त्या वेळी कुंडलच्या शाळेचं पक्कं ठरलेलं नव्हतं. ठरल्यावर अण्णांनी मसुद्यातल्या 'वगैरे'वर रेघ मारली आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'चौथी इमारत, ओढ्याकडची.' मी ती दुरुस्ती संगणकावर केलीही. पण सहीच्या दिवशी अध्यक्षांना मुंबईला निघायचं होतं आणि अण्णा साताऱ्यात होते. त्यांच्या पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्यातून त्यांनी फोन केला. "बाई, तेवढं वगैरे काडल्यालंच पाठवा हां."

"हो, अण्णा, काढलंय," मी म्हणाले.

घाईत मी जुना मसुदा छापला. सह्या झाल्या.

आठवड्याने कागद फाइलला लावताना चूक माझ्या लक्षात आली. चूक कुणाचीही होते, मुलांनो. पण लक्षात आल्यावर मी जे केलं ती चूक नव्हती. अध्यक्षांना पुन्हा सही मागायची म्हणजे माझ्या हातून असं झालं हे सांगायचं. पस्तीस वर्षं मी इतरांच्या वह्या तपासल्या होत्या. मी स्वतःला समजावलं, चार शाळा आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, अर्थ तोच निघतो. आणि मी फाइल बंद केली.

अण्णा अजून पत्नीपाशी साताऱ्यात असतानाच माती तपासणाऱ्यांनी तीन इमारती आणि ग्रंथालयाच्या जागी खड्डे घेतले. ओढ्याकडे कुणी गेलंच नाही. पायाचं गणित करणाऱ्यांनी तोच अहवाल चौथ्या इमारतीला धरला. ओढ्याकडे पावसात फुगणारी आणि उन्हात आकसणारी काळी माती फार खोल गेलेली होती. जोतं झालं, भिंती उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या भिंतींना कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्या. भेगांत अण्णांची फूटपट्टी उभी जात असे. सांगलीहून आणलेल्या जुन्याजाणत्या इंजिनियरांनी एकच वाक्य सांगितलं, "यात मुलं बसवू नका, उतरवून टाका."

समितीची बैठक झाली. माती तपासणाऱ्यांनी करार पुढे ठेवला. "यात तीनच शाळा आहेत. वगैरे म्हणजे आम्ही फाटक आणि कुंपण समजलो."

अध्यक्षांचा आवाज चढला. "हा करार तपासला कुणी?"

अण्णांनी तो कागद हातात घेतला. त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पुढ्यातल्या फाइलमध्ये लाल रेघेचा मसुदा होता, हे मला माहीत होतं. फाइल उघडण्याचा अवकाश होता.

"तपासायचं काम माझं हुतं," अण्णा म्हणाले. "सही झालेला कागद म्या परत वाचला न्हाई."

"सगळ्या जगाचं वगैरे खोडलं, आणि स्वतःचंच राहिलं!" अध्यक्ष म्हणाले. दोघंतिघं हसले.

मी इतिवृत्त लिहीत होते. अण्णांचं वाक्य मी जसंच्या तसं, स्वच्छ अक्षरात लिहून घेतलं.

तीन शाळा नव्या परिसरात आल्या. कुंडलच्या शाळेचं 'पुढे बघू' असं ठरलं. अण्णांनी काम सोडलं. कडेगावच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते, पण गाडी लागेपर्यंत आम्ही उसाच्या तोडीबद्दलच बोललो. पायरीवर चढताना ते म्हणाले, "बाई, सही झाल्यावर बी कागद वाचत जावा." तो टोमणा होता की काळजी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दीड वर्षाने समितीच्या व्हॉट्सअॅपवर ते गेल्याचा निरोप आला. मी साताऱ्याला गेले. वहिनींपुढे बसून मी सगळं सांगितलं. तो फोन, ती घाई, तो आठवडा.

"आमास्नी म्हाईत हाय की, बाई," वहिनी म्हणाल्या. "बैठकीवनं आले तवाच त्यांनी सांगितलं. म्या म्हनलं, आवं, कागद हाय न्हवं तुमच्यापाशी? दाखवा की. तर म्हनले, माझ्या बाजूचं म्या बोललो. आता बांध त्यांच्या बाजूचा हाय. बाई बोलतील."

मी विचारलं, "नंतर कधी काही म्हणाले?"

"कवा फोन वाजला की ईचारायचे, बाईंचा हाय का?"

पुढच्या बैठकीत मी उभी राहून खरं ते सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या हो बाई. माणूस गेला, आता कशाला उकरायचं?" नव्या लेखनिकाने इतिवृत्तात लिहिलं, 'चिटणिसांनी जुन्या करारातील त्रुटी वगैरेबाबत निवेदन केले.' मी लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि पूर्ण वाक्य माझ्या नावानिशी लिहायला लावलं. चौथ्या इमारतीचा विषयही पुन्हा मांडला. अजून दर बैठकीत मांडते. 'पुढे बघू' असंच ठरतं.

गेल्या आठवड्यात कुंडलला गेले होते. तेच गोदाम, तेच पत्रे. दोन वेण्यांची ती मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. तिने मला ओळखलं. तळहातावर रेघ ओढून तिने भुवया उंचावल्या. अण्णा कुठे आहेत असं ती विचारते आहे असं वाटून मी वर आभाळाकडे बोट केलं. तिने मान हलवली. ते तिला माहीत होतं, विचारायचं वेगळंच होतं. तिने पुन्हा रेघ ओढली, मग जमिनीकडे हात करून हवेत एक मोठा चौकोन काढला आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबली.

मी तिच्या बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तो वर्ग कधी होणार, असं विचारतेय. पण तिला कशाला आता? एप्रिलमध्ये तिची शाळा संपते."