नळीत न फुंकलेले आकडे

पीटीच्या तासाला माझ्याकडे जबाबदारीचं काम असे: वर्गातल्या पोरांच्या चपला आणि शर्ट सांभाळणं. ‘मुलाला दमा आहे, पळवू नये’ अशी चिठ्ठी आईने मी सहावीत असताना शाळेत दिली होती. नववी आली तरी ती मागे घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. कबड्डीला उतरताना पोरं शर्ट काढून माझ्या डोक्यावर फेकायची. ‘ए वॉचमन, इस्त्री मोडू नको रे.’

मग अंधेरी स्टेशनजवळच्या नव्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि म्हणाले, ‘याला पळवा.’

आई म्हणाली, ‘डॉक्टर, दोन जिने चढला तरी हा पेटीसारखा वाजतो.’

‘म्हणूनच.’

पळण्याआधी पंप ओढायचा, थोडं चालायचं, मग एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं. दर आठवड्याला पळणं वाढवायचं. रोज सकाळी एका प्लॅस्टिकच्या नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा आलेखाच्या कागदावर मांडायचा. सहा आठवडे हे नीट केलं तर शाळेसाठी नवी चिठ्ठी मिळणार होती: मुलाला पळू द्यावे. त्या चिठ्ठीसाठी मी काहीही करायला तयार होतो, फक्त पळायला नाही.

त्यात दोष आईचाही होता. ऑगस्टच्या उकाड्यात स्वेटर, माकडटोपी आणि छातीला बाम. असा सजून मी इमारतीभोवती धावायला लागलो की कट्ट्यावरचे काका विचारायचे, ‘काय रे, कुठल्या डोंगरावर?’ तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवसापासून मी दूधकेंद्रामागे बसून राहायचो, तोंडावर नळाचं पाणी मारून घरी यायचो आणि आकडे मनाने मांडायचो. रोज कालच्यापेक्षा थोडा वर. मध्येच एखादा खाली, खरं वाटावं म्हणून. या अकलेचा मला फार अभिमान होता.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी कागद बघितला, मध्ये आम्ही गावी जाऊन आल्याचं आईकडून ऐकलं आणि खूश होऊन दारातल्या दुसऱ्या एका बाईंनाही दाखवला. ‘बघा, असं करायचं. गणपतीला गावी गेला तरी एक दिवस चुकवला नाही. उलट तिथेच आकडा सगळ्यात वर.’

आईचा चेहरा आधी फुलला. मग ती विचारात पडली.

‘गणपतीत? पण डॉक्टर, नळी तर इथेच होती. फुटेल म्हणून मीच टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवली होती.’ आणि माझ्याकडे वळून, ‘रे मेल्या, गावात खंयची नळी फुंकत होतंस?’

डॉक्टरांनी टेबलावरची नळी पुढे केली. ‘फुंक.’

फुंकलं. काटा माझ्या पहिल्या दिवसाच्या आकड्यापर्यंतही पोचला नाही.

‘या कागदावर विश्वास ठेवून मी आज तुझं औषध कमी करणार होतो,’ ते म्हणाले. ‘कळतंय का तुला? आकडे चढले कागदावर, छाती तिथेच.’ मग त्यांनी कोरा कागद काढला आणि पेन माझ्याऐवजी आईच्या हातात दिलं.

पुढचे सहा आठवडे आई गजराचं घड्याळ घेऊन कंपाउंडात उभी. ‘चाल. आता पळ. पळ म्हटलंय मेल्या, वरात नाय ही.’ कट्ट्यावरचे काका आता तिच्या बाजूने. मी वैतागलो, ती माझ्याहून जास्त वैतागली, कारण गॅसवरचं दूध रोज उतू जात होतं. आकडे मात्र चढले, रडतखडत, मधूनच घसरत. मी मांडले होते तितके सुबक कधीच नाहीत.

शेवटी चिठ्ठी मिळाली. शाळेच्या मैदानाला मी पहिली फेरी मारली, सगळ्यांच्या मागून, पण न थांबता. छाती वाजली नाही. सर शिट्टी हातात घेऊन वाटच बघत होते. मला वाटलं, आता पाठ थोपटणार.

‘शहाण्या,’ ते म्हणाले, ‘चपला कुणाच्या भरवशावर सोडल्यास? एक कुत्र्याने नेली.’