ट्यूब उशिरा पेटली

आमच्याकडे ‘ट्यूब’ म्हटलं की एक सायकलच्या चाकातली, नाहीतर छताखाली फडफडणारी. तिसरी डोक्यातली. कुणाला एखादी गोष्ट उशिरा कळली की त्याची ट्यूब उशिरा पेटली म्हणायचं. मी मात्र चौथ्याच ट्यूबच्या मागे लागलो होतो. काचेची, बोटभर उंच, तापली की आतून नारिंगी दिसणारी. अशा ट्यूबांवर चालणारा अॅम्प्लिफायर मला घरच्या स्पीकरना जोडायचा होता. त्याने आवाजाला गोलाई येते, असं इतक्या ठिकाणी वाचलं होतं की झोप उडाली होती.

खरं कारण वेगळं होतं. माझी बायको काटोलची, माहेरी असल्यापासून भजनात गाणारी. घरात गाणं लागलं की हातातली भाजी निवडता निवडता त्यात आपला सूर मिसळायची. दिवाळीपासून ते बंद झालं. विचारलं तर “काही नाही.” मला हे उत्तर सहन होत नाही. मी आपलं ठरवून टाकलं, आपल्या जुन्या अॅम्प्लिफायरचा आवाजच कोरडा पडलाय. चांगला आवाज घरात आला की ती पुन्हा गाईल. माझ्या एकट्यासाठी तर मोबाइलवरही भागलं असतं.

मग सीताबर्डीच्या बाजारातल्या एका दुकानदाराचं डोकं खायला सुरुवात केली. तो भला माणूस, ट्यूबांचं मशीन घरी नेऊन ऐकू द्यायचा. ट्रान्सफॉर्मरमुळे ते धोंड्यासारखं जड. स्कूटरवर पायांत ठेवून, गुडघे बाहेर काढून, मी ते एप्रिलच्या उन्हात घरी आणायचो. त्यात ऐकायचं म्हणजे कूलर बंद करणं आलं, कारण त्याच्या घरघरीत तबला कुठला आणि शेजारचा मिक्सर कुठला ते कळत नाही. आमच्या गावात उन्हाळाभर घरोघरी माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. तर कूलर बंद, पंखा बंद, वरून त्या ट्यूबांची धग.

“तुम्ही गाणं ऐकून राहिले का हुरडा भाजून राहिले?” ती पदराने वारा घेत म्हणाली.

परीक्षक तीच. तिचा कान माझ्यापेक्षा पक्का, याबद्दल मला शंका नव्हती. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे खुर्ची ठेवून तिला बसवायचो. सगळं नीट जुळलेलं असेल तर गाणारा समोर मधोमध उभा असल्यासारखा वाटतो.

“कुठून येते आवाज?”

“उजवीकडून. त्या खिडकीकडून.”

मशीन परत. दुसरं आणलं. पुन्हा खिडकीकडून. तेही परत. तिसऱ्याची तीच गत झाली तेव्हा दुकानदाराने हात जोडले. “भाऊ, मशीन एकदम ओके आहे. मले तर मधातूनच ऐकू येऊन राहिलं. वहिनीलेच एकदा इथं घेऊन या ना.”

माझं डोकं फिरलं. तिच्या कानावर शंका घेतो म्हणजे काय! तुझ्याच ट्यूबा धड जुळलेल्या नाहीत, असं त्याला सुनावलं आणि त्याच तिरमिरीत चौथं मशीन उचलून आणलं.

या वेळी मी तिला न सांगता स्पीकरच्या तारा बदलल्या. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. दोष मशीनचा असेल तर आवाज आता डावीकडे सरकायला हवा होता.

“आता?”

तिने डोळे मिटले, मान जराशी डावीकडे वळवली. “उजवीकडून.”

“नीट ऐक वं!”

“ऐकूनच तर राहिली.”

मी हातात पेचकस घेऊन तसाच उभा राहिलो. बाजारात जाताना ती आता नेहमी माझ्या डाव्या हाताला चालते. फोन उजव्याच कानाला लावते. मागून हाक मारली आणि ओ दिली नाही की म्हणते, कूलरमुळे ऐकू आलं नाही. पण दिवाळीतही ती अशीच ओ देत नव्हती, आणि तेव्हा तर कूलर माळ्यावर होता.

मी गाणं थांबवलं. तिच्या डाव्या बाजूला गेलो आणि हळू आवाजात विचारलं, “चहा घेते काय?”

ती डोळे मिटून तशीच बसून राहिली, गाणं पुन्हा सुरू व्हायची वाट बघत.

मी समोर येऊन तिच्या हाताला हात लावला. “डाव्या कानाने ऐकू येत नाही ना तुले?”

तिने डोळे उघडले. “पेटली ट्यूब?” म्हणाली, पण हसली नाही.

“काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मलेही या मशीनसारखं स्कूटरवर घालून फिरवलं असतं.” मग खाली बघत म्हणाली, “आपलाच सूर आपल्याले नीट ऐकू येत नाही. मंग गाऊ कशी?”

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी जे करतो तेच केलं, स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. कानाच्या डॉक्टरकडे, आत्ताच्या आत्ता.

“आज रविवार आहे,” ती म्हणाली. “उद्या जाऊ. बसा आता.”

मी तिच्या डावीकडे टेकत होतो. तिने उजवीकडच्या स्टुलावर हात थोपटला. मी तिथे बसलो. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, म्हणून माझा हात कूलरच्या बटणाकडे गेला.

“राहू द्या बंद,” ती म्हणाली. “गाणं लावा. जेवढं ऐकू येते तेवढं तर ऐकू द्या.”

मी गाणं लावलं. तारा अजून उलट्याच होत्या. त्या सरळ करायला मी उठलो नाही.