साबणाने धुतलेली जांभळं

सहाव्या महिन्यात मला जांभळांचे डोहाळे लागले. आधीचं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे या वेळी नवरा मला मोठ्याने शिंकूही देत नव्हता. तो रेल्वेत. ड्युटी संपल्यावर डहाणू रोड स्टेशनबाहेर बसणाऱ्या सायवन गावच्या बाईकडून त्याने पानाच्या द्रोणात जांभळं आणली. मी ती अधाशासारखी खाल्ली. तळाचं शेवटचं सहज फोडलं, तर आत पांढरी अळी वळवळत होती. आधीची कुणी फोडून बघितली होती!

मी रडकुंडीला आले. "उद्यापासून फळं मी धुणार," नवऱ्याने जाहीर केलं. एरवी या माणसाला चहाचा कप विसळायचं म्हटलं तरी जिवावर येतं. दुसऱ्या दिवशी त्याने ताजी जांभळं आणली, पातेल्यात भांडी घासायचं लिक्विड ओतून भरपूर फेस केला आणि जांभळं तासभर त्यात बुडवून ठेवली. मग वरवर पाणी मारलं. चव विचित्र लागत होती, पण इतक्या हौसेने केलेलं, म्हणून मी गुपचूप खाल्लं.

संध्याकाळी पोटात मुरडा आला, उलट्या सुरू झाल्या. त्याहून वाईट म्हणजे बाळ हलेना. पोटावर हात ठेवून मी वाट बघत राहिले, पण काहीच जाणवत नव्हतं. कालच्या अळ्यांनीच घात केला, असं मी धरून चालले. रिक्षात आम्ही दोघं एकमेकांकडे बघायलाही घाबरत होतो.

डॉक्टरीणबाईंनी आधी पोटावर यंत्र लावलं. नुसती खरखर. मग धडधड, चांगली दणदणीत! मला हुंदका आवरेना. जिवात जीव आल्यावर मी म्हणाले, "मॅडम, काल माझ्या पोटात जांभळातल्या अळ्या गेल्यात."

"गेल्या तर गेल्या, अन्नासारख्या पचतात. आज काय खाल्लं?"

"जांभळंच. पण आजची एकदम स्वच्छ," नवरा ऐटीत म्हणाला. "साबणात तासभर भिजवलेली."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, साबण सालीतून आत मुरतो. तोच बाधलाय हिला. थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवा, मग नळाखाली नीट धुवा आणि फोडून, बघून खा. किडकं, नासकं निघालं तर टाका. साबण भांड्यांना राहू दे."

सलाईन लावून त्यांनी मला पडून राहायला सांगितलं. नवरा खाली औषधं आणायला गेला. तेवढ्यात डाव्या बाजूला एक सणसणीत लाथ बसली. मागच्या धसक्याने मी या बाळाशी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. बोललं की माया लागते. त्या दिवशी मात्र मोकळ्या हाताने पोट कुरवाळत मी म्हटलं, "घाबरू नकोस हं. तुझ्या बाबाने आपल्याला साबण खाऊ घातलाय."