कप्तानाचा शब्द

माझे सासरे तहसील कचेरीत गिरदावर होते. कागदावर कापूस लिहिलाय आणि शेतात सोयाबीन उभं आहे, असल्या चुका मौक्यावर जाऊन पकडण्यात त्यांची उभी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर त्यांच्या तावडीत सापडली ती दुपारी चारला लागणारी अंतराळयानाची हिंदी मालिका.

"काल या डॉक्टरचा डावा हात मोडला होता. आज त्याच हातानं दार लोटून राह्यला. बयान बदललं यानं!" असं ते टीव्हीला सुनवायचे. कप्तानाला मात्र सगळं माफ. आपला तो बाब्या!

माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसत नाही, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने बघायची. एकदा राहवलं नाही. "मामाजी, त्या ग्रहावर हवाच नाई म्हणे. मंग हा हेल्मेट काढून बोलून कसा राह्यला?"

ते वळले. आता काही आपलं खरं नाही, असं मला वाटलं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "इथं बसा. तिथून नीट दिसत नाई." सासूबाई निवडत होत्या ती मेथी तशीच राहिली.

तेव्हापासून चार वाजता आमची जोडी ठरलेली. विज्ञानाची चूक मी काढायची, गोष्टीची त्यांनी. त्या घरात मला पहिल्यांदा माहेरासारखं वाटलं ते त्या खुर्चीत.

वर्षभराने भीमपूरच्या एका शाळेतून फोन आला, विज्ञान शिकवायला याल का म्हणून. लग्नाच्या बोलणीत सासरेच म्हणाले होते, "पोरगी मास्तरीन झाली त आमाले आनंदच हाय." आता सासूबाई म्हणाल्या, "घरी काय कमी हाय?" नवरा ताटाकडे बघत राहिला. आणि सासरेही गप्प! मला त्यांचा भयंकर राग आला, कारण तोवर त्यांचा फार लळा लागला होता. शाळेला सोमवारी कळवायचं होतं.

शनिवारच्या भागात, कोणालाही मागे सोडणार नाही अशी शपथ घेतलेला कप्तान एका पोरीला परग्रहावर टाकून निघून गेला. सासरे ताडकन उठले. "पयल्या भागात काय बोलला होता हा? याले जबान हाय का नाई?"

"बोलणीच्या दिवशी तुमी बी बोलले होते, मामाजी." मी खुर्चीतूनच म्हणाले.

त्यांनी टीव्ही बंद केला. खाली बसले. "इसरलो नाई मी, सूनबाई. तुमी शाळेत गेल्या, त चार वाजता माह्यासंगं कोन बसन? म्हनून चुप राह्यलो." मग आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "सूनबाई भीमपूरले जातीन. मी शब्द देल्ला होता."

आता मी सहाच्या बसने परतते. ते चहा पुढे ठेवतात आणि दुपारचा भाग सांगायला बसतात. गोष्ट जिथे जुळत नाही तिथे पदरचं घालून जुळवतात, मला आवडावी म्हणून. मला ते कळतं. मी चूक काढत नाही.