ज्याचा कागद त्याला

जळगावात एका फिजिशियनच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं खिडकीपाशी बसले. नंबर लावायचा, केसपेपर काढायचा, आत पाठवायचा, परत आला की जागेवर ठेवायचा. आधी लोखंडी कपाटात गावांप्रमाणे गठ्ठे असत; असोद्याचे वेगळे, चोपड्याकडचे वेगळे. पुढे कागदांच्या जोडीला कॉम्प्युटर आला आणि त्याचा पासवर्ड डॉक्टरांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होता.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ बायकोचा केसपेपर मागायला आले. मी द्यायला उठले. डॉक्टरांनी आतून आवाज दिला, “बाई, त्यांच्या मिसेस आल्यात का?”

“नाही सर. हे त्यांचे मिस्टरच आहेत.”

“मग त्यांना घेऊन या म्हणावं, नाहीतर त्यांच्या सहीची चिठ्ठी आणा म्हणावं. ज्याचा कागद त्याला.”

ते गृहस्थ चिडून गेले. दुपारी पेशंट संपल्यावर डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं, “कुणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच द्यायचं, पेशंटला विचारा. कागदात काही असलं तरी हेच, काही नसलं तरीही हेच. एकदा ‘काही नाही हो’ म्हणालात, की पुढच्या वेळी तुम्ही गप्प बसलात तरी लोकांना कळतं.”

मी मान डोलावली. खरंतर त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

या नोकरीत माणसं तुटत जातात, हे मला हळूहळू उमगलं. कुणाला साखर आहे, कुणाला झोपेच्या गोळ्या लागतात, कुणाच्या सुनेने काय सांगितलं, हे सगळं माझ्या नजरेखालून जायचं. मी कधी कुठे बोलले नाही, पण मला माहीत आहे एवढंच लोकांना पुरे होई. लग्नात पंगतीला बसले की शेजारची बाई जरा सावरून बसे. भाजीबाजारात ओळखीचा चेहरा दिसला, की तो चटकन मेथीच्या जुडीकडे वळे. मी कुणाला रागावले नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. लग्न माझं झालं नाही. आई होती तोवर घरात बोलायला कुणी होतं. ती गेल्यावर संध्याकाळी कुलूप उघडताना मी मुद्दाम खोकायचे, घरात काहीतरी आवाज व्हावा म्हणून.

तरी एक मैत्रीण होती. गल्लीत समोरच राहायची. माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे माझ्याशी ती अहिराणीतच बोलायची. नवरा फिरतीच्या नोकरीवर आणि मुलगा पुण्यात कंपनीत, म्हणजे तीही दिवसभर एकटीच. हिवाळ्यात आम्ही गच्चीवर कपाशीच्या काड्या पेटवून असोद्याची वांगी भाजायचो. भरीत ती करायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मी. ती माझ्यापासून कधी सावरून बसली नाही. आई गेल्यावर तेरा दिवस माझ्याकडे तिच्याच घरून डबा आला.

तिच्या नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ आलं होतं आणि तो मुलगा आमच्या दवाखान्यात येऊन गेलेला होता. ती मला म्हणाली, “काही शे का त्याले? तू फक्त मान हालव.” त्या मुलाला साधा ताप आला होता. मी हसून म्हणाले, “काही नाही गं, बिनधास्त राहा.” लग्न झालं, सगळे खूश होते, आणि मला वाटलं, कुणाचं भलंच झालं. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभराने एका दुपारी एक मुलगी खिडकीपाशी आली. उन्हामुळे तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला होता, फक्त डोळे दिसत होते. केसपेपर भरताना तिने आवाज खाली आणून विचारलं, “अक्का, इथलं बाहेर कुणाला कळत नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. मी इथे बसते ना.”

ती एकटीच आली होती. महिन्याभरात तीनदा आली आणि मग यायची थांबली.

दिवाळीनंतर मैत्रिणीच्या मुलासाठी मुली बघणं सुरू झालं. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती मोबाइलवर फोटो घेऊनच. स्कार्फ नव्हता, पण डोळे मी लगेच ओळखले.

“पोरगी मन्हा पोऱ्याले पसंत शे,” ती म्हणाली. “पण कोणी तरी सांगं, ती तुमना दवाखानामा दिसनी व्हती. काय व्हतं तिले?”

मी म्हणाले, “तिलाच विचार ना. नाहीतर तिच्या आईला.”

“तिनी माय काय खरं सांगी? तू सांग.”

“मला नाही सांगता येत गं.”

मी चहाचं आधण ठेवायला उठले, तर तिने माझा हात धरला. “मांगे तर तू लगेच सांगं व्हतं. काही नाही म्हनी. आते का बरं सांगत नही?”

त्या मुलीला मी शब्द दिला होता, हे सांगितलं तरी लपवण्यासारखं काही आहे असाच त्याचा अर्थ झाला असता. काही नाही म्हणाले असते तर शब्द मोडला असता. मी म्हणाले, “मागच्या वेळी सांगितलं ती माझी चूक होती.”

“समजनं माले,” ती म्हणाली आणि चहा न घेता गेली.

चार दिवसांनी गल्लीत कळलं की तिने स्थळ मोडलं. कारण म्हणे, मुलीकडच्यांनी आजार लपवला.

पुढच्या सोमवारी ती मुलगी दवाखान्यात आली. चेहरा उघडा होता. पेशंट बसलेले असतानाच ती खिडकीतून म्हणाली, “मला माझा कागद बघायचाय. मिळतो ना?”

मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. “तिचाच आहे. दाखवा, झेरॉक्स मागितली तर द्या,” ते म्हणाले. मी तिला आतल्या बाकावर बसवलं आणि केसपेपर हातात दिला. तिने तो बोट ठेवून वाचला. अशक्तपणा, रक्त कमी, लोहाच्या गोळ्या. तिसऱ्या भेटीला ‘बरे वाटते’. एवढंच होतं. शेवटी पाठीमागचं पानही तिने उलटून पाहिलं. ते कोरं होतं.

“एवढंच आहे?”

“एवढंच.”

“मग कोणता आजार म्हणतायत ते? घरच्यांना पोरगी अशक्त आहे असं वाटायला नको म्हणून मी गुपचूप आले होते. आता सगळ्या नातेवाइकांत मला काहीतरी मोठं झालंय.”

मी तिला सगळं सांगितलं. मैत्रिणीने विचारलेलं, मी गप्प राहिलेलं आणि त्याआधी त्या मुलाबद्दल बोललेलं.

“तू हो म्हणालीस तर मी आजच जाऊन त्यांना हा कागद दाखवते,” मी म्हणाले.

तिने केसपेपर मिटला आणि म्हणाली, “अक्का, माझं रक्त किती आहे ते दाखवून मी त्या घरात जाऊ?”

तिने झेरॉक्स घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघाली. दारातून परत वळून म्हणाली, “तुम्ही कुणाला सांगू नका. आधी म्हणाला होतात तसंच.”

त्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांना माझी चूक सांगितली. वाटलं होतं काढून टाकतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “आता काय करणार,” एवढंच म्हणाले, आणि चष्मा परत लावून, “उद्या वेळेवर या.”

मैत्रिणीला मी खरं सांगू शकले नाही. समोरासमोर दारं आणि रोज नजरानजर, तरी तिचं बोलणं बंद झालं. तिच्या बाजूने विचार केला तर मी तिला ऐनवेळी परकं मानलं होतं. तिच्या मुलाचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मांडव आमच्या गल्लीतच होता. पत्रिका मला आली नाही. मी त्या दिवशी सुट्टी नव्हती तरी घेतली, आणि मग घरात बसवेना म्हणून दवाखान्यात गेले.

काही महिन्यांनी तिची सून खिडकीत आली. सासूबाई आता दुसरीकडे दाखवतात, जुना केसपेपर हवा, म्हणाली. मी सांगितलं, त्यांनी स्वतः यावं किंवा चिठ्ठी द्यावी. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. वर माझं नाव नव्हतं, ‘केसपेपर देणे’ आणि खाली सही. इतक्या वर्षांत तिने मला लिहिलेलं ते एवढंच. चिठ्ठी फाइलला लावली आणि केसपेपर दिला.

ती मुलगी मला नंतर एकदाच भेटली, दुसऱ्या एका गावच्या स्टँडवर. मी मावसबहिणीकडून परत निघाले होते. ती तिथेच शाळेत शिकवते, एकटी खोली घेऊन राहते. तिनेच हाक मारली. आम्ही उसाचा रस घेतला. लग्नाचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मी म्हणाले, “हे सगळं कधीतरी लिहून काढावं वाटतं. तुझी हरकत असेल तर नाही लिहिणार.”

ती म्हणाली, “लिहा. नाव नको, गाव नको. रक्त कमी होतं ते मात्र लिहा. निदान कुठेतरी खरं असू दे.”

तेवढ्यात जळगावची गाडी लागली. तिने माझी पिशवी चढवून दिली आणि खिडकीखाली उभी राहिली. गाडी बराच वेळ सुटली नाही. दोघींकडेही आता बोलायला काही नव्हतं, तरी ती गेली नाही. शेवटी मीच म्हणाले, “जा तू, ऊन फार आहे.” मग ती गेली.