ब्रॅकेटमधला बाप

नाटक असतं दोन तासांचं, पण सोबत पोरी असल्या की किस्से वर्षभर पुरतात! चंडीगडला मी मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, नवरा तिथेच डॉक्टर. पंजाबातले ते दहशतीचे दिवस. अंधारात दार वाजलं की आधी नाव विचारायचं, मगच कडी काढायची. आमचे डॉक्टरसाहेबही फाटकातून स्वतःचं नाव ओरडायचे, तेही डिग्रीसकट!

*

सिलॅबसला एक नाटक होतं. लढाईवरून पळून आलेला मुलगा शेवटी दार वाजवतो आणि घाबरलेला बाप ते उघडत नाही. पोरींनी पुस्तकातल्या रंगसूचना पेन्सिलीनं खोडलेल्या.

"हे काय गं?"

"मॅडम, वो ब्रॅकेट में है. ब्रॅकेटवाला एक्झाम में नहीं आता!"

आता शेवटचं पान म्हणजे नुसतं ब्रॅकेटच. दार वाजतं, बाप गप्प उभा राहतो, पडदा. हरप्रीतनं तर अख्खं पानच खोडलेलं!

*

ही हरप्रीत ड्रामाच्या पेपरात एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर कॉलेज बंद आणि लग्न, असं तिच्या वडिलांनी जाहीर केलेलं. मला फार वाईट वाटायचं, पोरगी मनापासून शिकत होती. नेमका त्याच नाटकाचा हिंदी प्रयोग लागला. मी परवानगी मागायला तिच्या घरी गेले.

"नाटक देखके पास होगी?" सरदारजींनी विचारलं.

"किताब पढ़के कहाँ हुई, जी?"

सरदारजी हसले नाहीत. म्हणाले, "फिर मैं भी चलूँगा."

*

भीतीपायी प्रयोग भरदुपारी ठेवलेला. गेटवर पोलिसांचं चेकिंग. माझ्या डब्यात फॉइलमध्ये गुंडाळलेले बेसनाचे लाडू! हवालदार दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, पहले आप खाइए." मी खाल्ला. मग त्यानंही एक खाल्ला. मग दुसरा, कारण म्हणे चेकिंग पक्कं हवं!

*

आत पोरी पुस्तकं उघडून बसल्या. नटानं वाक्य म्हटलं की सगळ्यांची पानं एकदम फडफडायची. नट बिचारा दचकून विंगेत बघायचा. अर्ध्या तासानं मात्र फडफड थांबली. वळून पाहिलं तर हरप्रीतचं पुस्तक पायाशी पडलेलं.

*

शेवटचा प्रवेश. दार वाजलं. बाप झालेला नट कडीपर्यंत गेला आणि हात तिथेच थांबला. इतक्यात आमच्या रांगेतून सरदारजी ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "ओये, पहलाँ नाँ पुच्छ!"

कुणीही हसलं नाही; आधी नाव विचारायचं, हे तिथे प्रत्येकाला पाठ होतं. नटानं विचारलं, "क... कौन?"

दारामागच्या पोराला इथे वाक्यच नव्हतं. त्यानं घाबरून स्वतःचंच नाव सांगितलं, "जी, मैं... बबलू!"

"हुण खोल दे, पुत्तर," सरदारजी म्हणाले आणि खाली बसले. नटानं खरंच दार उघडलं.

बाहेर स्कूटरपाशी ते बराच वेळ पगडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "मॅडमजी, शादी-वादी बाद में देखेंगे. ये बताइए, किताब में वो दरवाज़ा खोलता है?"

मी तोंड उघडायच्या आत हरप्रीतनं उत्तर दिलं.

"नहीं, पापाजी. ब्रॅकेट में चुप खड़ा रहता है."